शेवटच्या घराचं नेट

...अन् वरून मलाच म्हनतंय, "आजी, तुम्हाला न्हाई कळायचं!" बद्रीनाथ केबलवाला हो! आता तुम्हीच सांगा, ह्या मस्तगडाच्या गल्लीत चाळीस वर्सं नळाच्या लाइनीच्या शेवटाला काढली म्या, अन् मला कळायचं न्हाई? तुम्हाला सांगते, नेट म्हंजे पानीच!

आधी माझ्या लेकानं, साहेबरावनं, फोनवरचं नेट घेतलं. लावलं की कुईं-किर्र वरडायचं, अन् ते चालू तर फोन बंद! म्हंजे हापसा. एकानं हापसावं, दुसऱ्यानं घागर घेऊन उभं ऱ्हावं. मंग मोबाईलवाल्याचं काडेपेटीएवढं यंत्र आनलं, तर ते पत्र्यावर नेल्याबिगर चालंना. ते टँकर! आला तर आला. मंग बद्रीनाथची वायर. "घोड्यावानी पळतंय, आजी!" पळालं की... आठ दिवस! मंग गल्लीत घरोघर तीच वायर, अन् आमचं घर शेवटाला. नेट म्हंजे पानीच!

अन् त्यातच नातीचा, बेबीनंदाचा, इंजिनेरीचा फार्म. पाचला बंद! साडेचार झाले, काम्पुटरवर चकरी गरगर फिरून राह्यली, पोरगी रडून राह्यली, "आज्जे, गेलं माझं वरीस!" बद्रीनाथला फोन लावला, तर म्हनतो, "वरूनच स्लो हाये." वरून? म्या बाहेर बघितलं... शाळा सुटल्ती, घरोघरी पोरं काम्पुटरला चिकटल्याली! अगं बया! नळ आला की समदे मोटारी लावत्यात अन् शेवटाला थेंब न्हाई, तेच की हे!

मंग काय, पदर खोचला अन् नळाच्या दिवशी वरडते तशीच वरडत निघाले, "बंद कराऽऽ! मोटारी बंद कराऽऽ!" शेजारची गोजरबाई बादली घेऊनच भाईर आली. "मावशी, आज कुठं पानी हाये?"

"पानी न्हाई, नेट! तुझ्या पोराचा शिनेमा बंद कर आधी, हितं माझ्या पोरीचं वरीस चाललंय!"

अठरा घरं, अठरा डबडी बंद! अन् आतून बेबीनंदा किंचाळली, "भरला! आज्जे, फार्म भरला!" पाचाला दोन मिन्टं कमी! दुसऱ्या दिशी बद्रीनाथला हे सांगितलं, तवा त्याचं तोंड बघायला पायजे हुतं! नेट म्हंजे पानीच, कळलं का रे?

आता साहेबरावनं फोनच्या तारेवरच नवं नेट घेतलंय. बोला बी, नेट बी चालवा, गल्लीत वाटेकरी कोनी न्हाई... म्हंजे घरचा बोर! बिलकुल सुसाट! पन चालवायचं कुनी? पोरीला शीट भेटली पुन्याला, साहेबराव दिसभर दुकानात, अन् घरात उरलं कोन? म्या... अन् माझा सहीचा अंगठा!