उपासाला चालणारी गोळी

सुमन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसली आन् भडाभडा ओकली, ते चहाच्या चोथ्यासारखं काळं होतं, मागून लाल रक्त आलं. सोयाबीनचं खुरपण चालू होतं, श्रावणातला सोमवार, तिच्या पोटात सकाळपासून पाण्याचा घोट आन् मी दिलेल्या दोन गोळ्या, दुसरं काही न्हाई. मी तिचं डोकं धरलं आन् पहिला विचार काय केला, सांगू तुम्हाला? खोटं कशाला बोलू. माझ्या कमरेच्या चंचीत गोळ्यांची पाकिटं होती, ती कुणी बघू नये, हा विचार केला.

सुमन माझी धाकटी जाऊ. माझं माहेर हदगावकडचं, चौथीपर्यंत शिकले, लग्न होऊन मुखेडजवळच्या ह्या गावात आले, तेव्हापासून हातात खुरपं. दहा बायांची आमची टोळी, मी सगळ्यांत मोठी, कोणाच्या शेतात कधी जायचं ते मी ठरवते. गुडघे धरले तेव्हा डॉक्टरनं मला गोळ्या लिहून दिल्या, जेवल्यावर एक, पाच दिवस. पाच दिवसांनी गुडघा पुन्हा धरला, मग मी रिकामं पाकीट औषधाच्या दुकानात दाखवायचे आन् तसंच घेऊन यायचे. ते चंचीत, सुपारीच्या शेजारी. कुणाची कंबर धरली की आक्का, एक द्या. सुपारी मागावी तशी मागायच्या आन् मी तशीच द्यायची. टोळीची डॉक्टरीण म्हणायच्या मला. आवडायचं, खरं सांगते.

सुमनची पाठ लई दुखायची. श्रावणात ती कडक उपास धरते, तवा शाबूबी खात नव्हती. म्हणाली, आक्का, उपासाला गोळी चालते का? मी म्हणाले, घे की, गोळीनं कुठं उपास मोडतो. एकीनं उतरेना म्हणून दुसऱ्या रंगाची दिली, बाजाराच्या दिवशी आणलेली. आषाढापासून हेच चाललं होतं, रोज दोन, कधी तीन. चार दिवसांपासून शौचाला डांबरासारखं काळं होतंय, असंबी ती म्हणाली होती. मी म्हणाले, उष्णता असंल, ताक पी.

मुखेडच्या दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, काही गोळ्या घेत होती का? माझा दीर, सुमनचा नवरा, म्हणाला, न्हाई साहेब, ती साधी सर्दीची गोळीबी घेत न्हाई. मी बाजूला उभी. बोलले न्हाई. सलाईन लावली आन् नांदेडला न्या म्हणाले. गाडीत तिचे पाय माझ्या मांडीवर, थंडगार, तरी बोलले न्हाई. दीर म्हणाला, वहिनी, तुम्ही होता म्हणून बरं. मग तर तोंड उघडंचना.

नांदेडला एक डॉक्टरीण होती, तिनंबी तेच इचारलं. आन् सुमन, डोळे मिटलेले, ओठ वाळलेले, म्हणाली, न्हाई, काहीच घेतलं न्हाई. मरायला टेकली होती आन् मला झाकून राहिली होती. तवा मी चंची सोडली आन् टेबलावर उपडी केली. सुपारी, अडकित्ता, दोन रंगांची पाकिटं. दीर माझ्याकडं बघतच राहिला.

डॉक्टरणीनं पाकिटं उलटून वाचली. म्हणाली, आजी, रंग दोन हायत पण औषध एकच, म्हणजे दुप्पट झालं, तेबी रिकाम्या पोटी, त्यानं आत जखम झाली, तिथून रक्त चाललंय. हे मुखेडलाच सांगायचं होतं. एवढंच बोलली आन् आत पळाली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तोंडातून दुर्बीण घातली, रक्ताच्या पिशव्या लावल्या, आठ दिवस ठेवलं.

घरी आल्यावर मी गोळी सोडली. गुडघा ठणकू दे, म्हटलं, भोग. तर सुमनच माझ्यावर ओरडली, तुमचा गुडघा ठणकला म्हणून माझं पोट बरं होणार हाय का? गोळी वाईट न्हाई आक्का. डॉक्टरला इचारून घ्या, जेवून घ्या, सांगितली तेवढीच घ्या, आन् आपली दुसरीला वाटू नका. मलाच शिकवते आता! बरोबर हाय तिचं. मी पुन्हा डॉक्टरकडं गेले, सगळं सांगितलं, आता भाकरी खाऊन घेते, सांगितलेले दिवसच.

दीर बोलतो, पण कामापुरतं. टोळीत मला डॉक्टरीण कुणी म्हणत न्हाई. सुमन अजून श्रावण धरते, केळं खाते, शाबू खाते, दुपारी माझ्या शेजारी बसून सुपारी मागते. गोळ्या मी दिल्या, गप्प मी बसले. ती जगली.