दुसरा बोल्ट

ताई : नाही म्हणजे नाही. चोवीस इंची चाकावर तू सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसशील.

टोळ : दिसायचंय कुणाला? मला जागच्या जागी गरकन फिरायचंय. लहान चाक पटकन फिरतं.

ताई : आणि कठड्याच्या कडेला अडकतंही पटकन. उंची बघ स्वतःची. जरा वाकलास की गुडघे हनुवटीला लागतील. ही सव्वीसची घे. चाक मोठं असलं की कडेवर अलगद चढतं, उतरताना धक्काही कमी बसतो. घोट्यात अजून दोन स्क्रू आहेत तुझ्या, विसरलास वाटतं.

टोळ : घोटा ठणठणीत आहे. डॉक्टरांनी लेखी दिलंय.

ताई : चालायचं लेखी दिलंय. सायकलसकट बाकावरून भिंतीवर आणि भिंतीवरून खाली उड्या मारायचं नाही दिलेलं. तीस वर्षांचा घोडा झालास, ऑफिसात दिवसभर नकाशे काढतोस, आणि संध्याकाळ झाली की अंगात येतं.

टोळ : आईने टोळ नाव उगाच ठेवलं का? बरं, सव्वीस तर सव्वीस. पण मागचा भाग आखूड आहे ना हिचा? पुढचं चाक चटकन उचललं गेलं पाहिजे.

ताई : सांगून काय उपयोग, उभा राहून बघ. बसू नकोस. या सायकलवर बसतं कोण, सीट नुसती नावाला. हं. आता जरा मागे रेल आणि हँडल ओढ.

टोळ : आई गं. आलंच की वर.

ताई : तेच सांगत होते मघापासून. आता उतर, मला काम करू दे. ब्रेकच्या दांड्या थोड्या खाली कलवते. मनगट सरळ राहिलं पाहिजे. धरून बघ. एक बोट ब्रेकवर, बाकीची हँडलवर.

टोळ : मागचा जरा उशिरा लागतोय.

ताई : मलाही तसंच वाटलं. थांब. मागच्या चाकावर उभा राहतोस तेव्हा तोच तुझा आधार, त्याने वाट बघायला लावली की संपलं. आता?

टोळ : आता दाबायच्या आधीच लागतोय.

ताई : लाडात येऊ नकोस. हवा भरली, ब्रेक झाले, चेनही ताणली. हे घे.

टोळ : ॲलन की मला कशाला?

ताई : हँडल धरणाऱ्या तुकड्याचे दोन बोल्ट नुसते बसवलेत, पक्के आवळायचे राहिलेत. ते तू आवळ.

टोळ : अख्खी सायकल तू जोडलीस आणि नेमके हँडलचे बोल्ट मी आवळू?

ताई : नेमके तेच.

टोळ : ताई, दोन वर्षं झाली. तू अजून त्याच गोष्टीला धरून बसलीयेस.

ताई : कुठल्या गोष्टीला? बोल ना. तू, मी, आई, आपण तिघंही त्या गोष्टीच्या बाजूने वळसा घालून चालतो. मागची सायकलही मीच जोडली होती. तू भिंतीवरून उडी मारलीस, हवेत हँडल फिरलं आणि तुझा घोटा दोन ठिकाणी मोडला. बहिणीने बोल्ट सैल ठेवला. असंच ना?

टोळ : मी असं कधी म्हणालो नाही.

ताई : नाही म्हणालास. आई म्हणाली. हॉस्पिटलात, मावशी-काकांसमोर, की जिला दोन बोल्ट आवळता येत नाहीत तिने दुकान कशाला मांडावं. त्यानंतर ती या दुकानात आलेली नाही. पाहुण्यांना माझा पत्ता सांगायचीही बंद झाली. परवा तुला काय म्हणाली?

टोळ : जाऊ दे ना.

ताई : सांग.

टोळ : सायकल घ्यायची तर घे बाबा, पण तिच्या हातची नको.

ताई : आणि तू?

टोळ : मी बरं म्हणालो. आणि इथे आलो. ताई, ऐक. तो बोल्ट तू सैल ठेवला नव्हतास.

ताई : मग?

टोळ : त्या दिवशी सायकल मित्राच्या गाडीच्या डिकीत मावत नव्हती. हँडल आडवं केलं की मावते, म्हणून मी दोन्ही बोल्ट ढिले केले. तिकडे पोचल्यावर हँडल सरळ केलं, एक आवळला, आणि सगळे हाका मारायला लागले, चल चल, उजेड आहे तोवर. दुसरा राहिला. मला हॉस्पिटलात शुद्ध आली तेव्हा पहिलं तेच आठवलं. पण तोपर्यंत आई तुला बोलून मोकळी झाली होती. वाटलं, उद्या सांगू. मग उद्याचा परवा झाला. मला लाज वाटत होती गं. अजून वाटते.

ताई : हं.

टोळ : नुसतं हं?

ताई : मला माहीत होतं.

टोळ : काय माहीत होतं?

ताई : मी बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारते. बोल्ट जरा हलला तरी रेघ जुळत नाही. तुझी मोडकी सायकल इथे आणून टाकली तेव्हा दोन्ही रेघा चुकल्या होत्या. आपोआप सैल झाला असता तर सैल बोल्टाचीच चुकली असती. पण घट्ट होता त्याचीही रेघ सरकलेली होती. म्हणजे कुणीतरी खोलून परत आवळला. तुझ्याशिवाय कोण हात लावणार तिला?

टोळ : मग तू बोलली का नाहीस?

ताई : कुणाशी बोलू? तुझा पाय टांगलेला, आई तुझ्या उशाशी. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं, तुझ्यावर ओरडली असती तर स्वतःच कोसळली असती. नंतर म्हटलं, तू सांगशील. दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचास तेव्हा वाटायचं, आज सांगेल. राग आला होता रे मला. थोडा अजून आहे.

टोळ : थोडाच?

ताई : तुझा घोटा पाहिला की कमी होतो, आईचा आवाज ऐकला की वाढतो. काय करू, धाकटा आहेस. आण ती की इकडे.

टोळ : तू आवळतेस?

ताई : तुझ्या हातावर सोडायची हिंमत नाही माझी. एकदम नाही आवळायचं. दोन्ही आळीपाळीने, थोडं थोडं. झालं. मार रेघ.

टोळ : मी मारू?

ताई : तुझा हात नकाशाचा आहे. सरळ येईल.

टोळ : आली. आता आईला फोन लावतो.

ताई : आत्ता? संध्याकाळी घरी जाऊन सांग, समोर बसून.

टोळ : घरी पोचेपर्यंत माझी पुन्हा फाटेल. स्पीकरवर टाकतो. हॅलो, आई?

आई : अरे, कपडे वाळत घालतेय. लवकर बोल.

टोळ : आई, दोन वर्षांपूर्वी माझं हँडल फिरलं ना, तो बोल्ट मीच खोलला होता. सायकल गाडीत मावावी म्हणून. परत आवळायला विसरलो. ताईचा काही दोष नव्हता. मी तुला सांगितलं नाही आणि तुला तिला बोलू दिलं.

(फोनवरून बादली खाली ठेवल्याचा आवाज येतो.)

आई : ती तिथे आहे का?

ताई : आहे गं.

आई : तुला ठाऊक होतं?

ताई : हो.

आई : आणि माझं सगळं ऐकून घेतलंस. चारचौघांत.

ताई : तू तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस, आई.

आई : म्हणून काय झालं. मी चुकले बाळा. फार चुकले. टोळ्या, तुला मी घरी बघते.

टोळ : येतो. मार खायला येतो.

आई : म्हणजे नवी सायकल तिच्याकडूनच घेतलीस.

टोळ : आत्ताच तयार झाली. समोर उभी आहे.

आई : बोल्ट कोणी आवळलेत?

टोळ : ताईने. सगळे.

आई : मग चालव.