उशी बिघडलीय

नाही, घरी आलाच आहात तर आधी उशी बघा मॅडम, माझी छाती नंतर — छातीला काय धाड भरलीय, बिघडलीय ती तुमच्या दवाखान्याची उशी. रोज सकाळी तिच्यावर पाठ टेकून पडायचं, मग म्हणे माझ्या छातीतला दाणा बोलतो आणि उशी आकडा दवाखान्यात पाठवते. दाणाच तो, डाळीएवढा! हृदयाजवळच्या नळीत बसवलाय, रक्ताचा दाब मोजतो म्हणे. कसल्या भारी धातूचा, गंजत नाही, अंगाला बाधत नाही — फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे माझं, तीस वर्षं झाली. ट्रकच्या चाकाला लाथ घातली की सांगतो हवा किती आहे. आणि मला हा दाणा शिकवणार!

हसू नका. दाणा बसवायला मी सही करतच नव्हतो. पोरीने केली. तिच्या लग्नावरून बोलणं तुटलं होतं आमचं, तरी आली, फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकला — आणि मी वॉर्डभर ओरडलो, हिला बाहेर काढा. गेली. माझं काय चुकलं? काही नाही चुकलं. आता आकडा चढला की दवाखाना तिला कळवतो, मग तिचा फोन — बाबा, गोळी घेतली का? घेतली म्हणायचं, ठेवायचा. दोन मिनिटं. मला काय गरज पडलीय.

पण महिना झाला, फोन नाही. तुमच्या दवाखान्याचे येतात, ते मी उचलत नाही, त्यांना दुसरं काम काय. तिचा नाही म्हणजे आकडा जात नाहीये. म्हणजे उशी बिघडली. नाहीतर चढणार कसा नाही? एवढं मीठ — पाय सुजलेत ते सोडा, पाय नका बघू, उशी बघा म्हणलं ना! खातो, मूठ मूठ खातो. दोन दिवस खाल्लं की हमखास चढायचा, तिसऱ्या दिवशी फोन — ठेवा ती बरणी खाली. मीठ नसतं काय कुणाच्या घरात?

काय दाखवताय? मला वाचता येत नाही तेवढं बारीक. तोंडाने सांगा. — गेलेत आकडे? सगळे? चढलेलेच? — मग तिला कळवलं नसेल तुमच्या लोकांनी. झोपा काढत असतील. — चार वेळा? — उचलला तिने?

काय म्हणाली?

माझा नंबर काढून टाका — एवढंच?

हं. — उशी घेऊन जा. चांगली आहे म्हणता ना, मग द्या दुसऱ्या कुणाला. दार उघडंच आहे.