वाकायची जागा

(पदव्युत्तर स्थापत्य विभागाची प्रयोगशाळा. मध्यभागी भूकंपाचं टेबल, म्हणजे रुळांवर मागेपुढे हलणारा लोखंडी पाट. त्यावर बोल्टने आवळलेली तीन मजल्यांची, कमरेएवढी इमारत. भोवती प्राध्यापक मॅडम, टेबल सांभाळणारे मिस्त्री आणि इमारत घेऊन परीक्षेला आलेला विद्यार्थी दणकट. आत्ताच एक मोठा आवाज होऊन गेला आहे.)

मिस्त्री : मॅडम, टेबल मोडलं.

मॅडम : नाही मोडलं.

मिस्त्री : मोडलं हो. तुकडा तिकडे कपाटाखाली गेलाय.

मॅडम : मिस्त्री, चाचणी किती सेकंदांची असते?

मिस्त्री : वीस.

मॅडम : आणि टेबल कितव्या सेकंदाला थांबलं?

मिस्त्री : सातव्या.

मॅडम : म्हणजे चाचणी झालीच नाही. आणि जी चाचणी झालीच नाही, तिच्यात टेबल मोडेल कसं?

मिस्त्री : हेही खरंच. मग खिडकीची काच कशी फुटली?

मॅडम : खिडक्या तुमच्याकडे येतात का?

मिस्त्री : नाही. मी फक्त टेबल बघतो.

मॅडम : मग टेबलच बघा.

दणकट : मॅडम, माझी इमारत मात्र जागची हलली नाही. ओरखडासुद्धा नाही. मी पास ना?

मॅडम : नाही.

दणकट : पण ती उभी आहे!

मॅडम : तेच तर दुखणं आहे. चाचणीआधी तू काय लिहून दिलं होतंस? वाच.

दणकट : "जोराचा भूकंप आल्यास प्रत्येक मजल्याचे बीम दोन्ही टोकांना वाकतील. कॉलम सरळ राहतील. इमारत उभी राहील."

मॅडम : वाकले बीम?

दणकट : वाकायची त्यांची टापच नाही. बाबांनी केलेत.

मॅडम : बाबांनी?

दणकट : पहिली इमारत मी केली, ती चार सेकंदांत पडली. दुसरीही मीच केली, ती टेबल सुरू व्हायच्या आधी पडली.

मिस्त्री : मला शिंक आली होती. त्याचं मी लेखी दिलंय.

दणकट : वर्गाने मला दणकट म्हणायला तेव्हापासून सुरुवात केली. मग बाबा म्हणाले, बाजूला हो. तीस वर्षं कंत्राटदारी करतोय, एक कमरेएवढी इमारत मला होणार नाही? सगळं दुप्पट घातलं त्यांनी. पट्ट्या दुप्पट जाड, प्रत्येक मजल्याला दोन-दोन प्लेटा.

मॅडम : अर्जावर वजनाच्या रकान्यात काय लिहिलंयस?

दणकट : "भरपूर."

मॅडम : किलोत?

दणकट : चार मुलं आणि मिस्त्रीकाका, एवढ्यांनी उचलून आणली.

मिस्त्री : माझा खांदा अजून टेबलापेक्षा वाईट आहे.

मॅडम : आणि इतकं वजन कशासाठी?

दणकट : बाबा म्हणतात, जड माणसाला कोणी पाडू शकत नाही.

मॅडम : वारा पाडू शकत नाही. भूकंप बाहेरून येऊन ढकलत नाही रे. पायाखालची जमीन सरकते, आणि वरचं वजन म्हणतं, मी नाही येत जा. जेवढं वजन, तेवढा हट्ट. जेवढा हट्ट, तेवढा दणका. हे मी वर्गात किती वेळा सांगितलं?

दणकट : अकरा वेळा. पण घरी गेलं की एकच वेळा बाबा सांगतात आणि ते पुसलं जातं.

मॅडम : पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतं मी?

दणकट : "मोडेन पण वाकणार नाही."

मॅडम : काय?

दणकट : म्हणजे तुम्ही लिहिलं होतं "वाकेन पण मोडणार नाही." मला वाटलं, घाईत उलटसुलट झालं. मॅडमचा मान राहावा म्हणून मी काही बोललो नाही. वहीत मात्र दुरुस्त करून घेतलं.

मॅडम : अख्खं वर्ष तू दुरुस्त केलेल्या वहीतून अभ्यास केलास?

दणकट : दोघांना उतरवून घ्यायलासुद्धा दिली. त्यांच्याही पडल्या.

मिस्त्री : मॅडम, सापडला. हा बघा, पिनेचा तुकडा. टेबलाला मोटरचा दांडा जोडतो ना, तिथली पिन. दोन तुकडे स्वच्छ. मोटर ठणठणीत, रूळ ठणठणीत.

मॅडम : एवढा दांडा लोखंडी, मोटर एवढी थोरली, आणि मधे पिन पितळेची का?

मिस्त्री : मीच बसवली. पूर्वी पोलादी होती. एकदा अशीच एक जड इमारत आली, पिन हटेना, तर मोटरच जळाली. चार महिने टेबल बंद. तेव्हापासून पितळी घालतो. घरात एक माणूस नमतं घेणारा लागतो मॅडम. नाहीतर भांडणात घरच जातं.

मॅडम : दणकट, ऐकलंस?

दणकट : काय?

मॅडम : आज या खोलीत एकच गोष्ट ठरलेल्या जागी, ठरल्याप्रमाणे मोडली. पीएचडी माझी, वर्ष तुझं, आणि चाळीसपैकी चाळीस गुण मिस्त्रींना.

मिस्त्री : मला नकोत. मागच्या वेळी विभागाने काहीतरी दिलं, तर त्याची पावती द्यायला तीन खेपा झाल्या.

दणकट : मॅडम, म्हणजे बाबांचं चुकलं?

मॅडम : बाबांचं मन मोठं आहे. बीमही मोठे आहेत. बीम कॉलमपेक्षा जाड झाले की काय होतं?

दणकट : आधी कॉलम मोडतो.

मॅडम : आणि कॉलम मोडला की?

दणकट : वरचं सगळं खाली.

मॅडम : आणि बीम वाकला तर?

दणकट : घर वाकडं होतं. पण माणसं चालत बाहेर येतात.

मॅडम : अरे, येतंय की तुला. ही तिसरी चाचणी. ती झालेली नाही, म्हणून शिल्लक आहे. मिस्त्री, दुसरी पिन?

मिस्त्री : खिशात दोन असतात. बायको म्हणते चाव्या विसरा, पण पिना विसरत नाही.

मॅडम : दणकट, जादा प्लेटा काढ. आणि ही घे कानस. प्रत्येक बीमला, टोकापासून दोन बोटं आत, दोन्ही कडांनी घास. कंबर बारीक कर त्याची. वाकायचं तर तिथेच वाकेल.

दणकट : बाबांच्या बीमला कानस?

मॅडम : हो.

दणकट : मॅडम, त्यांनी रविवारी अख्खा दिवस बसून हे केलंय. चष्मा लावून. मला जवळ बसू दिलं. पाना मागितला की पाना द्यायचो मी. इतका वेळ आम्ही एकत्र कधीच बसलो नव्हतो.

मॅडम : (कानस त्याच्यापुढे धरत) घे.

दणकट : पास नाही झालो तर सोमवारपासून साइटवर ये म्हणालेत. वाळूचे ट्रक मोजायला.

मॅडम : मग? माझ्या हातात कानस जड होतेय.

दणकट : फोन वाजतोय. बाबा.

मॅडम : घे. काय झालं विचारत असतील.

दणकट : ते विचारत नाहीत, सांगतात... हॅलो बाबा... हो... हो बाबा... नाही पडली... हो, तुमच्यामुळेच... नाही, अजून पास नाही... बाबा, मी... हो, उभीच आहे... बाबा, ऐका ना, मॅडम म्हणतात... ठेवला.

मिस्त्री : काय म्हणाले?

दणकट : "अभिनंदन" म्हणाले. आणा ती कानस.

मॅडम : हळू. कॉलमला लागू देऊ नकोस.

दणकट : कॉलमला नाही लावत. कॉलम म्हणजे बाबाच.

मिस्त्री : अहो इंजिनियर, कानस अशी कांदा चिरल्यासारखी नसते चालवायची. पुढे जाताना जोर, मागे येताना उचलायची. हां. आता तो बीम जरा लाजतोय.

मॅडम : प्लेटा निघाल्या, पिन बसली. बारापैकी अकरा टोकं झाली. एक डावं राहिलं, तिसऱ्या मजल्याचं.

दणकट : झालं. मॅडम, फार बारीक तर नाही झालं?

मॅडम : तू हिशोब केला होतास ना कागदावर?

दणकट : केला होता. बाबांनी बघितला नव्हता.

मॅडम : मी बघितलाय. बरोबर आहे. मिस्त्री, चालू करा.

मिस्त्री : सगळे मागे व्हा. मला शिंक आली तर आधीच सांगतो. एक... दोन... तीन... चार...

दणकट : मला बघवत नाही.

मॅडम : डोळे उघड. पदवी डोळे मिटून मिळत नाही.

मिस्त्री : सात! पिन शाबूत. आठ... नऊ...

दणकट : मॅडम, पहिला मजला! डावं टोक! वाकलं!

मॅडम : दुसरा बघ.

दणकट : दोन्हीकडे! कानस मारली तिथेच! अय्यो, वरचापण!

मिस्त्री : चौदा... पंधरा... काय झुलतेय हो, लग्नातल्या काकांसारखी...

मॅडम : कॉलम?

दणकट : सरळ. चारही सरळ. मॅडम, ती पडत नाहीये! वाकडी झालीय आणि पडत नाहीये!

मिस्त्री : एकोणीस... वीस. बंद.

मॅडम : वाच परत तुझा कागद.

दणकट : वाचायला नको. पाठ आहे. मॅडम, मी रडलो तर चालेल का?

मॅडम : टेबलाच्या रुळांवर नको, गंज लागेल. बस इकडे. अहवाल भरू. निकाल: उत्तीर्ण. वजन किती लिहू?

दणकट : "बेताचं."

मॅडम : आता घरी फोन कर.

दणकट : करून काय सांगू?

मॅडम : इमारत उभी राहिली म्हणून सांग.

दणकट : ते म्हणतील, मी म्हटलंच होतं.

मॅडम : मग संध्याकाळी घरी सांग. इमारत समोर ठेवून.

दणकट : ते जेवताना बातम्या लावतात. मी बोलायला लागलो की आवाज वाढवतात. राग नसतो हो त्यांचा. सवय असते.

मिस्त्री : माझे वडील तर बातम्यांशिवाय आवाज वाढवायचे.

मॅडम : हं. शेवटचा रकाना राहिला. "संबंधितांस विनंती असल्यास नमूद करावी." रिकामा सोडू?

दणकट : तिथे काय लिहिलं तर चालतं?

मॅडम : पंधरा वर्षांत कोणी काही लिहिलेलं नाही. आणि कोणी वाचलेलंही नाही.

दणकट : मग लिहा मॅडम. "उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर विद्यार्थ्याच्या वडिलांनी आज रात्री जेवताना बातम्या बंद ठेवून 'कसं झालं रे?' असे एकदा विचारावे, व विद्यार्थ्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. माहितीसाठी व तातडीच्या कार्यवाहीसाठी सविनय सादर."