हलगीचा एक ठोका

न्हाई, परत लाव. माघं घे आन परत लाव, मला फकस्त शेवट ऐकू दे — आला का? न्हाई ना आला. घुंगरमाळा वाजत वाजत लांब गेल्या आन लगेच पुढचं गाणं सुरू. मग ठोका कुठंय? सत्यशीला, तू शिकलेली पोरगी, नांदेडला कॅसेटच्या कंपनीत बसतीस, कवरवरचा मजकूर बी तूच लिहिलास म्हणतीस — मग मला सांग, ठोका कुठं गेला? जुन्या कॅसेटीत घुंगरं थांबली की हलगीचा एक ठोका होता, एकच, कडक. खरखर होती म्हणून साफ केलं? कोण बसवलाय तिथं साफ करायला? त्याला खरखर आन भुजंगाचा हात एकच वाटला का? तुझ्या बापाचा हात होता तो, बाई.

चहा घे. तुझ्या कस्तुराकाकूनं ठेवलाय कवाचा, गार व्हायलाय. न्हाई, तुझ्यावर चिडलो न्हाई मी. चिडलो, पर तुझ्यावर न्हाई. आता हेच बघ की — कवरवरचा फोटू. मी पुढं, तोंड उघडं टाकून, आन भुजंग माघं, अर्धा कापलेला, नुसतं कोपर दिसतंय. ‘वाढीव आवृत्ती’ म्हणं. साठ मिनिटाची नव्वद मिनिटं केली आन माणूस अर्धा केला. आन ह्या घुंगरमाळा. पयले चार मिनिटं होत्या, आता अकरा. अकरा मिनिटं बैलाच्या गळ्यातलं कोण ऐकंल? मीच दिली ती घुंगराची टेप, हां, दिवाळीला तू आलीस तवा मीच काढून दिली पेटीतून — मला काय माहीत तुमी सगळीच वाजवताल म्हणून. 

पार्टी काढली तवा तू चार वर्षाची असशील, तुला कुठलं ध्यानात ऱ्हायला. शिमग्याला तोंडावर उलटा हात ठेवून गाव बोंब मारतं ना, कुणाच्या बी नावानं, आन त्या दिवशी कुणी राग धरायचा न्हाई, ही रीत. तुझा बाप म्हणला, एकच दिवस का? दादा, आपण वरीसभर मारू की. झाली बोंब पार्टी. मी गायचो — गायचो कशाचं, वरडायचो — आन तो हलगी. पाचट पेटवून हलगी शेकायचा, तापली की असा उठायचा की पुढं बसलेल्या बाया माघं सरकायच्या. एकेक गाणं बिडी पेटवून संपायच्या आत खतम. सरपंचाच्या नावानं, ग्रामसेवकाच्या नावानं, मुकादमाच्या नावानं. पयली कॅसेट राणीसावरगावच्या बाजारात सकाळी आली न् दुपारी संपली. चहाच्या हाटेलात तेच, ट्रॅक्टरवर तेच.

मग दुसरी. ही. ही तुझ्या बापाच्या डोक्यातून निघाली, मपल्या न्हाई. म्हणला, नुसतं वरडून लोक हसायलेत दादा, ऐकायलं न्हाई कुणी. जात्याची घरघर घेतली, हापशाचा करकर आवाज घेतला, शेजारची बायनाबाई कोंबड्याला शिव्या द्यायची ते घेतलं, आन त्याच्यात हलगी. शाळेच्या खोलीत खिडक्याला गोधड्या बांधून. लोकांनी कॅसेटी वापस आणून टाकल्या — म्हणले किशनराव, ह्याच्यात गाणंच न्हाई. आन आता आठ वरसानं तुमचे औरंगाबादचे शाणे लोक म्हणतेत, लय पुढचं काम केलं. काय लिहिलंस तू? वाच. वाच म्हणलं ना. ‘चार मिनिटांच्या घुंगरमाळा आणि अखेरचा एकच ठोका, हा या ध्वनिफितीतला सर्वांत धाडसी प्रयोग.’ धाडसी. प्रयोग. चार मिनिटं आन ठोका मजकुरात ठेवला आन कॅसेटीतून काढला, कमाल हाय तुमच्या कंपनीची.

अगं पर प्रयोग कशाचा? चारच मिनिटं का, हे कुणी इचारलं न्हाई. साडेतीन का न्हाई, पाच का न्हाई? चार, कारण खालचं गाणं चार मिनिटाचं होतं.

खालचं म्हणजे — खालचं. टेपावर आधी जे होतं ते.

जाऊ दे. चहा घे तू.

आता असं बघू नको मपल्याकडं. तुझी माय अशीच बघती. दैवशालाला आजपर्यंत कळलेलं न्हाई, अन् तुला — बरं. ऐक. त्या जागी तुझ्या बापाचं गाणं होतं. त्यानं सोता गायलेलं, जलमात पयल्यांदा. नामांतराचं. विद्यापीठाला बाबासायबाचं नाव द्या म्हणून. अठ्ठ्याहत्तरला मुलखात वस्त्या पेटल्या होत्या, हे तर तुला माहीत हाय, तवापासून गावात ते नाव घ्यायचं म्हणजे चार माणसं माना वळवायची. आप्पाराव आमचा चुलता, जिता होता तवा. मपल्या वाड्याला वाट त्याच्या बांधावरून, पाणी त्याच्या हिरीवरून. त्यानं ऐकलं असतं तर मपलं ह्या गावात ऱ्हाणं मुश्कील होतं. आन भुजंगाचं बी, भुजंगाचं बी मुश्कीलच होतं — त्याच्यासाठीच केलं म्हण की. परभणीला नकला काढायला टेप न्यायची होती, आदल्या दिवशी मी एकटाच शाळेच्या खोलीत बसलो. ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघाली तवाच्या गाड्याच्या घुंगरमाळा भरून ठेवलेल्या होत्या, त्या चढवल्या वरून. घड्याळ लावून. पुढच्या गाण्यावर जाऊ नये म्हणून बटन जरा लवकर दाबलं, तेवढा एक ठोका तळाला ऱ्हायला. एवढाच ऱ्हायला, बाई. गाण्यातला एवढाच.

तुझा बाप काय म्हणला? भांडला असता तर बरं झालं असतं. कॅसेट आली, इथंच बसून ऐकली, ह्याच ओट्यावर. घुंगरं वाजायलीत, वाजायलीत, ह्यो खाली बघायलाय. ठोका आला. मग उठला, म्हणला, “दादा, ठोका झकास आलाय.” बास. दसऱ्याला कोयता घेऊन गेला कारखान्याला, फिरून हलगीला हात लावला न्हाई मपल्यासंगं. आन तिसऱ्या साली उसाची गाडी उलटली आन त्यो गेला — ते तुला माहीत हाय.

चुलत्याचं म्हणशील तर — चुलत्याजवळ टेपच नव्हता. खरं सांगतो आता. त्यो कुठला ऐकतोय कॅसेट, त्याला कानानं कमी यायचं. भ्यालो होतो, भ्यालो न्हाई असं न्हाई, पर पुसलं ते त्याच्यासाठी न्हाई. झील असती ना गाण्याला — एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं झील धरायची, तेच माघं म्हणायचं. रोज तो मपली झील धरायचा. त्या दिवशी मला धरायची होती. तो नाव घ्यायचा आन थांबायचा. हलगी बी धरून ठेवायचा, हात वर. शेवटच्या कडव्यात तर मपलं नाव घालूनच म्हणला, “किशनदादा, आता तू बी म्हण.” चार कडवी. चारी डाव त्यो थांबला, वाट बघितली, आन मी गप. चौथ्या डावाला खोकलो मी. खोकला टेपात आला. चार मिनिटात चार मोकळ्या जागा आन एक खोकला, ते रातंदिस माघं-पुढं करून ऐकलं मी, आन मग ऐकवंना. म्हणून पुसलं. भुजंगाला न्हाई पुसलं, मला पुसलं.

काय? आता? आता म्हणू?

हाय ना, सगळं पाठ हाय, चारी कडवी. मपल्याबिगर आता कुणालाच ठाऊक न्हाई, हे बी खरं हाय. पर आता म्हणून काय? संक्रांतीला नाव लागलं, विद्यापीठाच्या कमानीवर चढलं, आता कलेक्टर म्हणायलेत, मंत्री म्हणायलेत, आप्पारावचा नातू भाषणात म्हणायलाय. आता म्हणायला काय लागतं? जवा त्यो हात वर धरून थांबला होता तवा म्हणायचं होतं. 

न्हाई. टेप नको लावू. लावू नको म्हणलं ना.

हे घे, जुनी कॅसेट. मपलीच हाय, फित एका जागी चिकटवलेली हाय, हळू लावा. तो ठोका हितून काढा आन होता तिथं बसवा, खरखरीसगट. आन ते धाडसी-बिडसी खोडून टाक. काय लिहायचं ते लिही तुझ्या मनानं, मी वाचायला मागणार न्हाई. दैवशालाला मातर ह्यातलं — तिला काही सांगू नको. न्हाई. सांग. तूच सांग. मला न्हाई म्हणवत.

ऊठ. साडेचारची गाडी गेली तर मुक्काम पडंल.