आधी वास घ्यायचा

हॅलो?… हॅलो? कोण, सोयुलची आई?… मी गं, सासू तुझी. डोंगरावरून बोलतेय… हो, हो, बरी आहे. जेवले, जेवले… अगं ऐक ना आधी. काल संध्याकाळच्या बसनं पार्सल दिलं होतं ना, म्योंगीच्या रानभाजीच्या पानांचं? मिळालं?…

आज सकाळी. बरं. मग आहेत ना पानं? तशीच पडलीत ना फ्रिजमध्ये?…

काय?

खाल्लीत?

कधी?… दुपारी, भाताबरोबर… कोणी कोणी?… सोयुलनंसुद्धा?…

नाही, काही नाही झालं. माझ्या आवाजाला काय होतंय? धावत आले ना घरात, धाप लागलीय… हे बघ, ते 'फार छान झाली होती, आई' मला नको. ते तू लग्न झाल्यापासून म्हणतेस. आज खरं सांग. मी रागावणार नाही. टाकून दिलीस ना?…

अगं, टाकून दिली असशील तर चांगलंच केलंस म्हणतेय मी!… नाही, टोमणा नाही मारत. कशी सांगू तुला… मला सगळं ठाऊक आहे गं. सोयुलच्या पहिल्या वाढदिवसाला आले होते, तेव्हा तुमच्या इमारतीखालच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात माझी जुडी बघितली होती मी. माझ्या हातची गाठ मला कळणार नाही? आणि वर जेवताना तू म्हणतेस, 'आई, भाजी काय सुरेख होती!' खोटं बोल पण रेटून बोल. मी बोलले का काही? गिळून टाकलं…

नको, नको, माफी नको मागूस. रडायला काय झालं? फक्त एवढं म्हण, आई, आजही टाकली. म्हण ना!…

नाही टाकली.

आवडते? तुला?… लसणाचा तो वास आला की नाक दाबून धरायचीस तू, आणि… हो, आठवतंय. बर्फात अडकला होतात इथं, घरात दुसरं काही नव्हतं. म्योंगीची सुकवलेली पानं आणि मुळा… तेव्हापासून?… हं… माझ्या ग्युचोलपेक्षा तूच जास्त खातेस… अगं बाई. इतकी वर्षं हे ऐकायची वाट बघितली मी, आणि ऐकायचं ते आज.

काही नाही. सोयुल कुठंय?…

झोपलीय? या वेळेला? ती कुठं दुपारची झोपते!… खेळून दमली असेल म्हणजे काय, उठव तिला. उठव म्हणते ना! मग सांगते का ते. आधी जा, हलवून उठव. फोन ठेवू नकोस, तसाच राहू दे… जा!

…

काय बघतोस, नुरुंग्या? गप बस. शेपूट हलवू नकोस… हे डोंगराच्या देवा, माझी नात उठू दे. बाकसे खाऊ घातलं रे मी पोरीला. विष खाऊ घातलं. म्योंगी म्हणून बाकसे पाठवलं, आणि तेही फडक्याखाली झाकून, बसवाल्याला दहा वेळा बजावून, की जपून ने, नातीसाठी आहे… शेजारची यांगगूवाली आत्ता डोळे फिरवून पडलेली, नाडी जेमतेम लागते म्हणाले ॲम्ब्युलन्सवाले. एकाच ओढ्यावरची पानं, अर्धी तिनं घेतली, अर्धी मी तिकडं पाठवली. ती तरी म्हातारी. ही एवढीशी पोर… उठू दे रे. हवं तर मला ने. मी म्हणणार नाही का म्हणून.

…

हॅलो? हां. उठली? रडतेय?… रडू दे, रडतेय ते बरंय. दे तिला फोन… सोयुल? आजी बोलतेय, राणी. नाही, आजी नाही ओरडली आईला… जिभेला मुंग्या येतात का गं? झिणझिण?… पोटात दुखतं? ओकारी येते?… नाही? नक्की?… काय हवंय?… अजून भाजी हवीय.

दे. आईला दे फोन.

हे बघ. घाबरू नकोस. मी विचारते तेवढंच सांग, पटापट. भाजी केलीस कशी?… हो, आत्ता सांग, पहिल्यापासून… पाणी उकळलं, चिमूटभर मीठ. देठ आधी सोडले, पानं नंतर… बरोबर. वर येताच काढली, गार पाण्यात… मुठीत धरून पिळली… दोनदा. एकदा तू, एकदा सोयुल… सोयुलनं पिळली? तिच्या हातांनी?… आणि सोयाबीनचं दोएनजांग किती?… नखभर. तिळाचं तेल शेवटी. तीळ चुरडून… हं. हं…

नाही, चुकलं नाही कुठं. काहीसुद्धा चुकलं नाही. हेच तर! एखाद्या गोष्टीत चुकली असतीस, तर म्हटलं असतं, ही थापा मारतेय, हिनं चुलीवर भांडंच ठेवलं नाही. पण दोनदा पिळायचं हे केल्याशिवाय नाही कळत माणसाला. तू केलीस. माझ्यासारखीच केलीस गं…

थांब. थांब जरा. पाणी पिते… काही नाही, घसा कोरडा पडलाय. कवळी सैल झालीय, जीभ नीट वळत नाही, त्यामुळं बोलणं असं येतंय… मला बोलू देशील का तू? एकच विचारायचं राहिलं. पानं हातात घेतलीस, तेव्हा वास आला होता? लसणाचा?…



अगं, आला की नाही आला?… 'म्हणजे' काय, 'म्हणजे'? हो किंवा नाही!… वाईट वाटेल? मला कसलं वाईट वाटतंय? बये, विष आहे ते! कालची पानं म्योंगीची नव्हती, बाकसे होतं, विषारी! यांगगूवालीला ॲम्ब्युलन्समध्ये घालून नेलंय, जगते की नाही कोण जाणे, आणि तू माझ्या वाटण्याचं काय घेऊन बसलीस? बोल!…

काय?…

परत सांग. सावकाश…

मागच्या आठवड्यातली. फ्रिजरमध्ये उकडून ठेवलेली… आज दुपारी ती केली. म्हणजे कालची नाही. कालची नाही ना?… शपथ घे. सोयुलची नको, देवाची घे… कालचं पार्सल सोडलं, तर वासच येईना. नखानं पान चुरडून बघितलं, तरी वास नाही… आणि पानाला चुण्या, पंख्याच्या घडीसारख्या. आणि एकाच दांड्यावर पानावर पान… बरोबर! बाकसेच ते! म्योंगीचं पान सपाट, आणि मुळापासून सुटं… मग? गॅलरीत पिशवीत बांधून ठेवलंस. शिवलं नाही कोणी? ग्युचोल?… तो रात्रीच येणार. त्याला फोन कर, आईनं पाठवलंय म्हणून तो कच्चंसुद्धा खाईल… तो काय विचारतो मेला, तोंडाचं भोक तेवढं माहीत.

हुश्श… बसते गं जरा. बसले. इथंच, जमिनीवर… नाही, रडत नाही. हसतेय. हसू येतंय मला. जिला त्या वासानं उमासे यायचे, तिलाच वास नाही म्हणून कळलं. आवडत नसती तर तोंड वाकडं करून शिजवली असतीस, आणि पोरीला वाढली असतीस. देव पावला बाई.

मग मला खोटं का सांगितलंस, खाल्ली म्हणून?…

हं… एवढी वर्षं डोंगरावर तोडणाऱ्या बाईला शहरातली सून काय सांगणार, की तुमची पानं चुकली… 'मला वाटलं, माझंच चुकत असेल'… हो. खरं आहे. सांगितलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, चार दिवस पानं पिळलीस म्हणून शहाणी झालीस का!

मला? मला कसा नाही आला वास?

अगं… कालचा उजेड कमी होता. ओढ्याकाठी धुकं… बरं. बरं, आता खोटं कशाला बोलू. थंडीत तो ताप आला होता ना, त्यानंतर नाकच गेलं. कशाचाच वास येत नाही. दोएनजांग करपलं तरी कळत नाही. चव तर… सगळंच चिखल लागतं… कोणाला सांगू? तुम्हाला? ग्युचोलनं दुसऱ्या दिवशी गाडी आणून उभी केली असती, चल, आई, शहरात. डोंगर बंद. मग मी काय, तुमच्या सतराव्या मजल्यावर बसून लिफ्टची दारं मोजू?… मागच्या आठवड्याची जुन्या जागेवरची होती, डोळे मिटून तोडली तरी म्योंगीच. काल यांगगूवाली म्हणाली, वर ओढ्याला चांगली पोसलीय. गेलो. तिला डोळ्यांनी दिसत नाही, मला नाकानं. दोघी मिळून एक धड बाई नाही. आणि टोपलं भरलं म्हणून गाणी म्हणत उतरलो!

ती वाचेल ना गं?…

हो. तिला नेताना हाक मारली मी. तिनं नुसती माझी बाही धरून ठेवली होती.

मी? मी ठीक आहे… कवळीच आहे म्हटलं ना… काय जेवले? हे काय विचारणं झालं, भात जेवले. भात आणि… किमची… अगं, मुळ्याची किमची, आणखी काय! तू सोयुलला बघ, मला काय विचारत बसलीस. ठेवते मी…

काय म्हणालीस?

'मी रागावणार नाही, खरं सांगा.'

माझंच वाक्य मला ऐकवतेस होय.

…

हो. खाल्ली.

चांगली मोठी पानं तुम्हाला पाठवली ना, मग तळाचा चुरा उरला होता. टाकवेना. सकाळी उकडली, भातात कालवली… हो, पोटभर. ओरडू नकोस, कान फुटतो माझा… तो ॲम्ब्युलन्सवाला विचारत होता ना, आणखी कोणी खाल्लंय का आजी? नाही म्हटलं. मला पण घातलं असतं त्यानं गाडीत, आणि फोन इथं भिंतीला चार्जिंगला. तुझा नंबर कुठं पाठ आहे मला? तुम्हाला कोणी कळवलं असतं? पोरीचं जेवण झालं असतं तोवर…

उलटी झाली मघाशी एकदा. मागीलदारी… ओठांना मुंग्या आहेत. बोटं गार पडलीत… नाही, उठवत नाही. उठले की घर फिरतं…

ए. ए पोरी. असं नाही बोलायचं. सकाळीच फोन केला असतास तर, असं अजिबात नाही म्हणायचं. मी ऐकलं असतं का तुझं? मी कोणाचं ऐकलंय आजवर? तू पोरीला वाचवलंस, बास… हो, कर. त्या दुसऱ्या फोनवरून कर ॲम्ब्युलन्सला. घर सांग, ओढ्यावरचा पूल ओलांडला की निळं पत्र्याचं छप्पर… हो, दार उघडंच आहे… तुझ्याशी बोलत राहू? बरं. ठेवत नाही.

भीती?… हो. वाटते गं. मघाशी देवाला म्हटलं खरं, मला ने म्हणून. तेव्हा सोयुलचं कळलं नव्हतं. आता वाटतंय, एवढ्यात नको. तुझ्या हातची एकदा खायची होती.

झाला फोन त्यांना?… निघाले?… किती लांब आहेत?… बरं.

नाही, झोपत नाही. डोळे मिटलेत नुसते… तूच बोल. मला बोलवत नाही. भाजीचं सांग परत, पहिल्यापासून. मी ऐकते…

हं… पाणी उकळलं…

हं… देठ आधी…

…

आहे, आहे. ऐकतेय. पण तू चुकलीस. पाण्याच्या आधी काय करायचं?… नाही. धुवायच्याही आधी… हां! वास. आधी वास घ्यायचा. तो कधी विसरायचा नाही. सोयुललाही शिकव…

नुरुंग्या का भुंकतोय एवढा… कोणी येतंय वाटतं… की नुसतंच… तू थांबू नकोस. पुढं सांग. पिळली दोनदा… मग?…

मग काय घालायचं?… तुझा आवाज लांब जातोय गं… हॅलो?… सोयुलची आई?… हॅलो?