मानेने दिलेला होकार

मेंदूच्या स्कॅनसाठी आपलं नाव कधी पुकारतात याची वाट बघत ती बाकावर बसली होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी शेजारच्या आजीआजोबांचं बोलणं कानावर पडत होतं.

"म्हणजे डोक्यात डाग नाहीच?"

"नाही हो. आजच्या स्कॅनमध्ये सगळं स्वच्छ आहे. मागच्या वेळी तुम्ही हललात, त्याचीच सावली डागासारखी उमटली म्हणे."

"मी कुठे हललो?"

"मशीनवरची मुलगी हेडफोनमधून सारखं सांगत होती ना, आजोबा, हलू नका?"

"हो. आणि मी दर वेळी हो म्हणालो."

"तोंडाने?"

"मानेने. पोर एवढं गोड बोलतेय, तर होकार नको द्यायला?"

"मला जन्मात कधी मान हलवून हो म्हणाला नाहीत! आठ दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"रडू नकोस गं. सुटलो ना आता?"

"सुटलो. आधी भावजींना कळवते."

"थांब. त्याला एवढ्यात नको."

"अहो, त्यांच्याही जिवाला घोर लागलाय."

"इतकी वर्षं अबोला धरला होता त्याने. डागाचं कळल्यापासून रोज फोन करतो. लहानपणीचं काय काय काढून बोलत बसतो."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"आजचा दिवस. उद्या सांगू."

तेवढ्यात फोन वाजलाच. आजोबांनी घाईघाईने घसा साफ केला.

"एवढं खणखणीत नको," आजी डोळे पुसत पुटपुटल्या. "जरा दमल्यासारखं बोला."